बालीची सहल आणि १९ मार्च

(ठाण्यातील घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जानेवारी २०२६ मध्ये झालेली चर्चा)

मकरंद, ए-३०४
सर्वांना नमस्कार. आम्ही दोघे, मुलगी आणि आईबाबा असे पाच जण मार्चमध्ये बालीला जाण्याचा विचार करत आहोत. १७ मार्चच्या रात्री निघून १८ ला पोहोचायचे आणि २३ ला परतायचे, असा बेत आहे. एजंटने दिलेला कार्यक्रम सोबत टाकला आहे. कोणी बालीला जाऊन आले असल्यास शाकाहारी जेवणाची सोय कशी असते ते कृपया सांगावे. आगाऊ रक्कम शुक्रवारपर्यंत भरायची आहे.

सुलभाकाकू, सी-७०१
मकरंद, जेवणाचे नंतर सांगते. आधी तुझ्या कागदावरचा दुसरा दिवस नीट वाच. १९ मार्चला सकाळी उबुदचा बाजार, दुपारी भातशेतीच्या पायऱ्या आणि संध्याकाळी उलुवाटूच्या मंदिरात केचक नृत्य असे छापले आहे. यातले काहीही त्या दिवशी होणार नाही, कारण यंदा १९ मार्चला बालीत न्येपी आहे. न्येपी म्हणजे त्यांच्या शक कालगणनेचा वर्षारंभ. आपल्या पंचांगातला शालिवाहन शक जसा इसवी सन ७८ पासून मोजतात, तशीच त्यांचीही मोजणी आहे, आणि म्हणूनच तो पुष्कळदा आपल्या पाडव्याच्या आसपास येतो. गेल्या वर्षी न्येपी २९ मार्चला होता आणि पाडवा ३० ला. यंदा दोन्ही एकाच दिवशी आले आहेत. फरक इतकाच, की आपल्याकडे त्या दिवशी कौपिनेश्वराच्या देवळापासून ढोलताशांसह स्वागतयात्रा निघते आणि तिथे सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत सगळे बेट गप्प बसते. विमानतळ चोवीस तास बंद असतो, दुकाने उघडत नाहीत, रात्री दिवे मंद ठेवतात, मोबाइलवरचे इंटरनेटही बंद केले जाते, आणि पर्यटकाला हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. रस्त्यावर पेचालांग म्हणजे गावाचे राखणदार फिरत असतात.

मकरंद, ए-३०४
काकू, एजंटने याबद्दल एक शब्दही काढला नाही. कागदावर तर केचकची वेळसुद्धा दिली आहे.

जोशीकाका, बी-२०२
सुलभाताईंची माहिती बरोबर असेल, परंतु माझा मुद्दा वेगळा आहे. एजंटला आपण पैसे मोजतो ते आपल्या डोक्याचा ताप कमी व्हावा म्हणूनच. तरीही प्रत्येक गोष्ट आपणच शोधायची असेल, तर त्याला पैसे कशाचे द्यायचे? डॉक्टरकडे जाण्यापूर्वी आपण वैद्यकशास्त्र शिकून जात नाही.

सुलभाकाकू, सी-७०१
जोशीसाहेब, वैद्यकशास्त्र शिकत नाही हे खरे, पण आपल्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते डॉक्टरला आपल्यालाच सांगावे लागते. एजंट बहुधा मागच्या गटाचा कागद काढून त्यावर नव्या तारखा घालतो. मकरंदच्या बाबतीत तेच झालेले दिसते. त्यात लबाडी असेल असे मला वाटत नाही. त्याच्यासमोर पन्नास कुटुंबे असतात आणि आपल्यासमोर एकच, म्हणून आपले आपण पाहायचे.

आमच्या घरची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही सिंगापूरला निघालो होतो. तिकिटे, हॉटेल, व्हिसाचे अर्ज असे सगळे एजंटकडे सोपवले होते, आणि त्याने ह्यांच्या पासपोर्टची मुदत संपलेली नाही एवढेच पाहिले होते. मुदत खरोखरच संपलेली नव्हती. प्रवासाच्या तारखेपासून पाच महिने शिल्लक होती. सिंगापूरला किमान सहा महिने लागतात, आणि बाली ज्या देशात आहे त्या इंडोनेशियालाही तेवढेच लागतात. निघायला नऊ दिवस उरले असताना मी बॅग भरता भरता सहज पासपोर्ट उघडून पाहिला. मग वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात धावपळ झाली, तारखा पुढे ढकलल्या आणि तिकिटांचे निम्मे पैसे बुडाले. तेव्हापासून आमच्याकडे बेत ठरला की पहिल्यांदा सगळ्यांचे पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर येतात. मकरंद, आईबाबांचे पासपोर्ट आजच काढून पाहा, आणि एखादे पान फाटले आहे का किंवा पावसात भिजून फुगले आहे का तेही बघ, कारण खराब झालेल्या पासपोर्टवरून इंडोनेशियात अडवतात.

निखिल, डी-११०३
काकूंच्या सांगण्यात माझी एक भर. गेल्या वर्षी व्हिएतनामचा ई-व्हिसा काढताना मी शोधयंत्रावर सर्वांत वर आलेली साइट उघडली. तिच्यावर झेंडा होता, बोधचिन्ह होते आणि अर्जही अगदी सरकारी वाटत होता. एका वेळच्या प्रवेशाचे सरकारी शुल्क २५ डॉलर असताना माझ्याकडून तिथे जवळपास तिप्पट पैसे घेतले गेले. त्याहून मोठा घोटाळा पुढे झाला. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाच्या रकान्यातच वडिलांचे किंवा पतीचे नावही असते. त्या साइटवाल्यांनी बायकोच्या व्हिसावर तिचे एकटीचे नाव आणि आडनाव घातले व माझे नाव गाळले. विमान कंपनीच्या काउंटरवर अशी तफावत निघाली तर चढू देत नाहीत, असे ऐकल्यावर आम्ही सरकारी साइटवर नव्याने अर्ज केला आणि दुसऱ्यांदा पैसे भरले. साइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘.gov’ किंवा ‘.go’ सारखी सरकारी खूण आहे की नाही, हे मी आता आधी पाहतो. बालीसाठीही हे ध्यानात ठेवा. आगमनावेळचा व्हिसा माणशी ५,००,००० रुपियाचा (रुपिया हे इंडोनेशियाचे चलन) असून तो आधी ऑनलाइनही काढता येतो. त्याशिवाय २०२४ च्या फेब्रुवारीपासून बाली प्रांताचा पर्यटक कर १,५०,००० रुपिया आहे. आगमनाचा ‘ऑल इंडोनेशिया’ नावाचा अर्ज मात्र मोफत आहे. त्याचे कोणी पैसे मागितले तर साइट चुकली असे समजावे.

जोशीकाका, बी-२०२
मग जाऊन आलेल्यांना विचारणे हाच सर्वांत सोपा मार्ग नाही का? आपल्या चार विंगांत मिळून निम्मे जग फिरलेली मंडळी आहेत.

सुलभाकाकू, सी-७०१
जरूर विचारावे, पण ते कधी गेले होते हेही विचारावे. थायलंडचेच पाहा. २०२३ च्या उन्हाळ्यात गेलेला माणूस सांगेल की विमानतळावर रांग लावून २,००० बाहतचा व्हिसा घ्यावा लागतो. २०२४ च्या सुरुवातीला गेलेला सांगेल की काहीच लागत नाही, नुसता पासपोर्ट दाखवा, कारण १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी मिळाली. १ मे २०२५ नंतर गेलेला सांगेल की व्हिसा नको, पण पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावेच लागते. तिघेही खरे बोलत असतात. हॉटेल कसे आहे आणि जेवण कुठे मिळते हे शेजाऱ्यांना विचारावे. नियम मात्र त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा इमिग्रेशन खात्याच्या साइटवर निघण्याच्या महिन्यात स्वतः वाचावेत. मी आज जे लिहिते आहे तेही याला अपवाद नाही.

वैशालीताई, ए-६०२
ही चर्चा वाचून मला धसकाच बसला आहे. मुलगी दुबईला असते. दर दिवाळीला मी तिला फराळ नेते, आणि अनारसे तिच्या फार आवडीचे आहेत. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, असे मागच्या वर्षी जावयाने फोनवर सांगितले तेव्हा मी त्याला हसले होते. नंतर मुद्दाम वाचले, तर ते खरे निघाले. अफूच्या झाडाचे बी म्हणून तिथे ती अमली पदार्थांच्या नियमात येते. आता अनारशाला खसखस नाही लावायची तर काय लावायचे? शेवटी तीळ लावले, आणि तिने ते खाल्ले, एवढेच म्हणेन. गोडा मसालाही मी त्यात खसखस नाही याची खात्री करूनच नेते. सुके खोबरे तर इथल्याच विमानतळावर चेक-इनच्या बॅगेतून काढायला लावतात, कारण ते तेलकट असल्याने पेट घेऊ शकते. आणखी एक सांगते. ह्यांच्या पाठदुखीच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल आहे, आणि ते किंवा कोडीन असलेले औषध तिथे नेण्यासाठी आधी परवानगी लागते. ह्या गोष्टी कोणत्याही एजंटने मला विचारल्या नव्हत्या, आणि त्याने तरी कशा विचाराव्यात? माझ्या डब्यात काय आहे ते त्याला माहीत नसते.

जोशीकाका, बी-२०२
अनारशाचे मान्य. आमचे चिरंजीव जर्मनीत आहेत आणि सौभाग्यवती त्यांच्यासाठी पेढे न्यायचे म्हणत आहेत.

सुलभाकाकू, सी-७०१
युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. पेढे आणि तूप दोन्ही घरीच ठेवा. वहिनींना चिवडा आणि शंकरपाळे सुचवा, पण शंकरपाळ्यांचे पीठ तुपात भिजवले असेल तर नियम आधी वाचून घ्या.

मकरंद, ए-३०४
सर्वांचे आभार. मी आत्ताच एजंटशी बोललो. पहिल्यांदा तो म्हणाला की “तसे काही नसते साहेब, हॉटेलवाले गाडी देतात”. मी न्येपीची तारीख आणि विमानतळ बंद असल्याची सूचना त्याला पाठवली, तेव्हा अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. त्याने दोन पर्याय दिले आहेत. पहिला, सगळा बेत आठ दिवस पुढे नेणे. त्यात मुलीची परीक्षा आड येते. दुसरा, तारखा तशाच ठेवून १९ चा दिवस हॉटेलात घालवायचा आणि उबुद व उलुवाटू पुढच्या दिवसांत बसवायचे. आईबाबांना दुसरा पर्याय आवडला आहे. १८ च्या संध्याकाळी ओगोह-ओगोहच्या राक्षसी पुतळ्यांच्या मिरवणुका असतात, त्या पाहायच्या आहेत, असे बाबा आतापासूनच म्हणत आहेत. पासपोर्ट पाहिले, आईच्या पासपोर्टची मुदत ऑगस्टमध्ये संपते आहे, म्हणजे पोहोचण्याच्या दिवशी पाचच महिने उरतात. शुक्रवारची रक्कम मी थांबवली आहे आणि नूतनीकरणासाठी वागळे इस्टेटची सर्वांत जवळची तारीख शोधतो आहे.

सुलभाकाकू, सी-७०१
जुना पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा मूळ प्रतींसह ने, आणि आईंना बरोबर घेऊन जा. नवा पासपोर्ट आला की त्याचा क्रमांक तिकिटात आणि व्हिसाच्या अर्जात बदलायला विसरू नकोस. जेवणाचे आता सांगते: उबुदमध्ये शाकाहारी जेवण सहज मिळते, मात्र तिथल्या मसाल्यांत तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचे वाटण बेमालूम घातलेले असते, तेव्हा भाजीतसुद्धा ते नाही ना, हे आईबाबांसाठी प्रत्येक ठिकाणी विचारून घे. आणि १९ च्या जेवणाचे हॉटेलला आधीच कळवून ठेव, कारण त्या दिवशी बाहेरून काहीही मागवता येणार नाही.