रिपोर्टच्या घटकाने अख्ख्या प्रोग्रॅमचा मोड बदलावा का?

विश्रामबाग: सांगलीतल्या एका भुईकाट्याचा प्रोग्रॅम मी सांभाळतो. रिपोर्टसाठी तयार घटक, म्हणजे एक डीएलएल (आमच्या प्रोग्रॅमच्या आतच चालणारी कोडची फाइल), विकत घेऊन जोडला. दोन दिवसांनी काट्यावरून फोन आला. हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर काट्यावर उभा होता, वजन ६४८० किलो, आणि स्क्रीनवर दिसत होतं ६४८. शेवटचं शून्य चौकटीच्या कडेला कापलं गेलं होतं.

शोधायला अख्खी रात्र गेली. रिपोर्ट उघडला की तो घटक ‘सेटप्रोसेसडीपीआयअवेअर’ला हाक मारायचा, म्हणजे ‘हा अख्खा प्रोग्रॅम स्क्रीनचा डीपीआय (इंचातले ठिपके) स्वतः सांभाळतो’ असा मोड विंडोजला लावायला सांगायचा. तोवर विंडोज आमच्या प्रोग्रॅमला ९६ डीपीआयच सांगत होतं. १५० टक्के स्केलिंग (स्क्रीनवर सगळं दीडपट मोठं दाखवायचं सेटिंग) असल्याने पुढे ते १४४ झालं. वजनाची विंडो परत उघडली की पॉइंटमध्ये मोजलेला फॉन्ट डीपीआयप्रमाणे दीडपट व्हायचा, पिक्सेलमध्ये मोजलेली चौकट मात्र तेवढीच.

माझं म्हणणं ठाम आहे: पाहुण्या घटकाने प्रोसेसभरच्या, म्हणजे चालू असलेल्या अख्ख्या प्रोग्रॅमच्या सेटिंगला हातच लावू नये. मायक्रोसॉफ्टची कागदपत्रंही सांगतात की डीएलएलने यजमान प्रोग्रॅमचं सेटिंग आहे तसं स्वीकारावं.

मिरज: नाही पटलं. एका विंडोच्या दिसण्याचा प्रश्न आणि त्याचा खटका अख्ख्या प्रोसेसला, हीच विंडोज व्हिस्टापासूनची चूक आहे. घटक लिहिणाऱ्याने करावं तरी काय? मोड लावला नाही तर विंडोज चित्र ताणून मोठं करतं; त्याचे आलेख असे धूसर दिसले तर शिव्या त्यालाच. शिवाय तुम्ही मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या, विंडोज सुरुवातीलाच वाचतं त्या माहितीत) मोड आधीच जाहीर केला असता तर नंतर कुणाला तो बदलता आला नसता. घराला कुलूप तुम्ही लावलं नाहीत.

कराड: मिरजकर, प्रत्येक घटकाला आपापला मोड दिलात तर काट्यावरच्या माणसाच्या नशिबी काय? एक विंडो लख्ख, दुसरी धूसर. भाषा, रंग, अक्षराचा आकार हे सगळीकडे सारखंच हवं. पण ते ठरवायचं मुख्य प्रोग्रॅमने, एकदाच, सुरुवातीला. असाच प्रकार दुसरीकडेही होतो: लिनक्सवर जीटीके (विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) सुरू होताना ‘सेटलोकेल’ लावतं, म्हणजे भाषा आणि आकडे लिहायची पद्धत अख्ख्या प्रोसेसला ठरवून देतं. जर्मन लोकेल असेल तर त्याच प्रोसेसमधला फाइल वाचणारा कोड ‘३.१४’मधल्या टिंबाशी थांबतो आणि ३ घेऊन पुढे जातो, कारण तिथे दशांशाला स्वल्पविराम. कसली एरर नाही, काही नाही. आपल्याकडे दशांशाला टिंबच, म्हणून हे इथे चाचणीत सापडतही नाही.

विश्रामबाग: मॅनिफेस्टची चूक माझी, मान्य. तरी न विचारता बदल करणं बरोबर ठरत नाही. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ‘सेटथ्रेडडीपीआयअवेअरनेसकॉन्टेक्स्ट’ हे फंक्शन आहे; ते अख्ख्या प्रोसेसचा नाही, फक्त चालू थ्रेडचा (प्रोग्रॅममधल्या एका धाग्याचा) मोड बदलतं. ते जुनं मूल्य परत देतं. आपली विंडो बनवा, जुनं मूल्य पुन्हा लावा, एवढंच तर करायचं होतं.

मिरज: आणि ज्या काट्यावर अजून विंडोज ७ आहे तिथे? तिथे हे फंक्शनच नाही. रिपोर्टची वेगळी एक्सई, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम करा. प्रोसेस वेगळी झाली की तिने काहीही लावलं तरी वजनाच्या चौकटीला धक्का नाही.

विश्रामबाग: तेच करतोय. पण विकत घेतलेल्या प्रत्येक घटकाला अशी वेगळी खोली बांधून द्यायची म्हटलं, तर घटक विकत घेतला कशाला?