इंदुरात राहून लो-कार्ब... पाच वाजताच्या नमकीनचं काय करायचं?

सुदामानगरची_सून
नमस्कार मंडळी, इथे बरेच शुगरवाले आहेत म्हणून विचारतेय. ह्यांचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ७.६ आलं, डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सांगितलं की कार्ब्ज (म्हणजे कर्बोदकं) दिवसाला १००-१२० ग्रॅमच्या आत ठेवा, कीटो बिटो नको. जेवणाचं जमलंय, एक पोळी, भाजी भरपूर, वरण, ताक, भात बंद. सकाळचे पोहे पण सोडलेत बिचाऱ्यांनी, इंदूरच्या माणसासाठी हे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. अडतंय ते संध्याकाळी. पीथमपूरहून बसने येतात, दारातून आत आले की सरळ डब्याकडे हात, आणि आमच्याकडे डब्यात काय तर लौंग सेंव, मिक्श्चर आणि सासूबाईंचा पातळ पोह्यांचा चिवडा. मी हेल्दी म्हणून मखाने आणि फुटाणे द्यायला लागले तर दोन तासांनी मशीनवर आकडा बघून माझाच चेहरा पडतो. घरात अंडं चालत नाही (बाहेर खातात, सासूबाईंना माहीत नाही असं त्यांना वाटतं). रोज बदाम-अक्रोड परवडत नाही आणि ह्यांना आवडतही नाही. कुरकुरीत, चटपटीत, डब्यात नेता येईल असं काही सुचवा ना. फळं द्यावीत का तेही सांगा.

पलासियाकर
पनीर, शेंगदाणे, काकडी. झालं. एवढा विचार कशाला.

सुदामानगरची_सून
अहो दादा, काकडीने पाच वाजताची भूक जाते का? ह्यांना काकडी दिली की विचारतात, आता खायला काय आहे.

जीरावनवाली
ताई, मखान्याने सगळ्यांनाच फसवलंय. हलका असतो, फुललेला असतो, उपासाला चालतो म्हणून आपल्याला वाटतं की यात काही नाहीच, पण वजनावर बघा, १०० ग्रॅम मखान्यात पंचाहत्तरच्या आसपास कार्ब्ज, म्हणजे जवळजवळ कोरड्या पोह्यांएवढेच. एक छोटी वाटी १५ ग्रॅमची, तेवढ्यावर थांबलं तर चालेल, पण टीव्हीसमोर मोठा बाउल भरून दिला की संपलंच. फुटाणे त्यापेक्षा बरे, प्रोटीन आहे, फायबर आहे, तरी ३० ग्रॅमला १७-१८ कार्ब्ज पडतात आणि फुटाणे कोणी ३० ग्रॅमवर थांबलेलं मी पाहिलं नाही. सेंवेचं तर बेसन आणि तेल, आणि इंदुरात सेंव नुसती खात नाहीत, सेंवेवर पण सेंव घालतात. कुरमुरे, खाकरा, भाजके पोहे, डाएट चिवडा, सगळी तीच गत. भाजलंय म्हणजे तेल कमी झालं, स्टार्च कुठे गेला? तो तिथेच आहे. शुगर फ्री बिस्किटांवर तर बोलतच नाही, साखर नाही पण मैदा आहेच की.

आता काय द्यायचं. शेंगदाणे, कारण ३० ग्रॅमला कार्ब्ज पाचच्या आसपास आणि त्यातलंही निम्मं फायबर. पण रोज खारे दाणे देऊ नका, कंटाळतील. कुकरला मीठ घालून उकडा, गरम असतानाच कांदा, कोथिंबीर, असली तर कैरी, लिंबू आणि वरून जीरावन, आपला इंदुरी पोह्यांवरचा मसाला. पनीरचे जाड तुकडे तव्यावर थोड्या तुपात लाल करा, त्यावरही जीरावन, शंभर ग्रॅम पनीरला दोन-तीन कार्ब्ज आणि पोट भरतं. माझं तर ठाम मत आहे की इंदूरच्या जिभेला सेंव नको असते, जीरावन हवं असतं, सेंव फक्त ते वाहून नेते. फक्त जीरावनमध्ये काळं मीठ असतं, बीपी असेल तर वरून मीठ घालू नका.

आणि एक गोष्ट आपण इंदूरवाले कधी खातच नाही ती म्हणजे सोयाबीन. सगळा माळवा सोयाबीन पिकवतो, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्था पण आपल्याच शहरात, आणि आपण त्याचं फक्त तेल खातो किंवा वड्या. सियागंजमधून अख्खं सोयाबीन आणा, रात्रभर भिजवा, सकाळी पाणी बदलून चांगलं अर्धा तास उकळा, ही स्टेप गाळायची नाही, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो तो उष्णतेनेच जातो, आणि तो कच्चट वासही जातो. मग फडक्यावर पसरून एकदम कोरडं करा, थोडं तेल चोळून कढईत मंद आचेवर नाहीतर एअर फ्रायरमध्ये खडखड वाजेपर्यंत भाजा. गरम असतानाच तिखट आणि जीरावन. फुटाण्यासारखंच लागतं, प्रोटीन त्याच्यापेक्षा खूप जास्त आणि कार्ब्ज निम्म्याच्या आसपास. ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी चिवट होतं, तेवढं सांभाळा.

औषधवाला_भिया
खाण्याचं सगळे सांगतीलच, मी आधी एक विचारतो ताई, गोळी कुठली चालू आहे? माझं मेडिकल स्टोअर आहे म्हणून नजर तिकडेच जाते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल आणि कार्ब्ज एकदम कमी केले तर शुगर खाली जाते, घाम, थरथर, चक्कर, आणि पीथमपूरच्या बसमध्ये असं झालं तर पंचाईत. डोस डॉक्टरांनी ठरवायचा, आपण नाही. आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर फार कमी कार्ब्जचं डाएट धोक्याचं, शुगर नॉर्मल दिसत असताना पण शरीरात ॲसिड वाढू शकतं. किडनीचा रिपोर्ट पण एकदा दाखवून घ्या, तिथे काही असेल तर एवढं पनीर-सोयाबीन विचारूनच.

सुदामानगरची_सून
नुसती मेटफॉर्मिन आहे भिया, दोन वेळा. किडनीचा रिपोर्ट ठीक आला होता.

औषधवाला_भिया
मग ठीक. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा खाली जात नाही. तरी पुढच्या व्हिजिटला सांगा की खाणं बदललंय.

पलासियाकर
एक मिनिट, सगळे शेंगदाणे आणि पनीरवर तुटून पडलेत पण कॅलरीचं काय? ३० ग्रॅम दाण्याला १७० कॅलरी. माझ्या मेहुण्याने लो-कार्ब लो-कार्ब म्हणत पाव-पाव किलो दाणे खाल्ले आणि पोट घेऊन बसलाय.

जीरावनवाली
बरोबर आहे दादा, मूठभरच, म्हणून तर म्हटलं वाटीत काढून द्या, डबा समोर ठेवू नका.

बडोदेकर_इंदूरचा_जावई
आमच्याकडे बडोद्याला तर अजूनच वाईट, इथे वरणात पण गूळ. मी सेव उसळवाला माणूस, रविवारी सकाळी सेव उसळ नाही तर रविवार नाही, ते सोडवत नव्हतं तर आता घरी करतो, वाटाण्याऐवजी मोड आलेली मटकी, एकच वाटी, तर्री पाहिजे तेवढी, कांदा-लिंबू, आणि सेव-पावाच्या जागी भाजलेल्या दाण्याचा जाडसर कूट वरून. पाव नाही म्हटल्यावर पहिल्यांदा रडू येतं, नंतर चालतं. मटकीत कार्ब्ज आहेत हे मान्य पण सेव आणि दोन पाव गेले हे पण मोजा ना. डब्यात न्यायला भरूचची खारी सिंग. इंदुरात मिळत असेलच, नाहीतर बडोद्याहून कोणी येत असेल त्याला सांगा, साध्या खाऱ्या दाण्यापेक्षा ती कुरकुरीत असते आणि वरती मसाल्याचं, बेसनाचं आवरण नसतं. सिंग भुजिया घेऊ नका, त्यावर बेसन असतं.

रामबागच्या_काकू
अगं सुनबाई, तू सासूबाईंना यातून बाहेर ठेवलंस तर काही साधणार नाही, त्यांच्या चिवड्याच्या डब्याशी भांडून तू जिंकणार आहेस का? त्यांनाच कामाला लाव. चिवड्याची फोडणी तीच ठेवायची, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता चांगला कुरकुरीत तळलेला, हिरवी मिरची, तीळ, बडीशेप, फक्त पोहे काढून टाकायचे आणि त्या जागी शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, भोपळ्याच्या बिया, भाजलेलं सोयाबीन आणि नावाला मूठभर डाळं. पिठीसाखर अजिबात नाही, आंबटपणाला आमचूर. आमच्याकडे ह्यांनी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा म्हणाले यात पोहे विसरलीस वाटतं, आता तोच मागतात. पण हा चिवडा वाटीने नाही खायचा हो, चार चमचे, तेलकट आणि जड असतो.

दुसरं, भुट्ट्याचा कीस. तो आता बंद असेल तर फुलकोबीचा कर. फुलकोबी किसून घे, दांडे नको, हिंग-मोहरी-जिरं-हिरवी मिरचीच्या फोडणीवर घालून पाणी आटेपर्यंत उघड्यावरच परत, झाकलंस की लगदा झालाच. मग अर्धी वाटी दूध आणि चमचाभर साय, ते आटलं की ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. मक्याचा गोडवा नाही येत, ते खरंच नाही येत, पण दूध आटल्याचा जो वास असतो ना तो तस्साच. फुलकोबीला १०० ग्रॅममागे पाचच कार्ब्ज, त्यामुळे हे मात्र वाटी भरून दे. संध्याकाळी आल्याआल्या गरम दिलंस तर डब्याकडे हात जाणार नाही.

फळांचं विचारलंस, अर्धा पेरू दे, जरा कच्चटसर, मीठ-तिखट लावून. जांभळं आली की जांभळं, थोडी. केळं, चिकू, आंबा सध्या नको, आणि रस तर कुठलाच नको.

सुदामानगरची_सून
काकू तुम्ही ग्रेट आहात!! सासूबाईंना हा चिवडा वाचून दाखवला तर म्हणाल्या, पोह्यांशिवाय चिवडा म्हणजे काय चिवडा, आणि लगेच विचारलं खोबरं किती घ्यायचं. 😄 सोयाबीन आज भिजत घातलंय. आता एकच शेवटचं, शनिवारी पुण्याहून नणंद आणि नंदावा येतायत, त्यांना सराफा, आपला रात्रीचा खाऊबाजार, दाखवायचाच आहे, ह्यांना घरी ठेवून जाता येणार नाही. तिथे काय खाऊ शकतील?

पलासियाकर
हवा.

रामबागच्या_काकू
अगं त्याचं ऐकू नकोस. रात्री नीट जेवून मग न्यायचं, सराफ्यात उपाशी गेलेला माणूस काहीही खातो. दहीवडा एक चालेल, गोड चटणी घालू नका म्हणून आधीच सांगायचं, दहीवडेवाला तो हवेत उडवून दाखवतो ते बघण्यातच निम्मी मजा आहे. खोपरा पॅटिसला नावात खोबरं आहे पण बाहेर सगळा बटाटाच. साबुदाण्याची खिचडी तर सगळ्यात वाईट, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. गराडू (तो तळलेला कंद) सीझनमध्ये असेल तर दोन तुकडे तोंडाला, त्यात बटाट्यापेक्षा जास्त कार्ब्ज आहेत आणि वर तळलेलं. जलेबा आणि शिकंजी पाहुण्यांना दे.

औषधवाला_भिया
छप्पन दुकानला, त्या खाऊगल्लीत, नेणार असाल तर तिथे अंड्याचा बेंजो मिळतो, बन काढून नुसतं आतलं खायला सांगा. सासूबाई बरोबर नसतील तरच. 😀

सुदामानगरची_सून
सासूबाई सगळ्यात आधी तयार होऊन बसणार आहेत भिया. दहीवडाच बरा.