भाच्याला डीएलसी घेऊन द्यावी का?

मंडळी, मदत हवी आहे. डीएलसी म्हणजे मूळ गेमला नंतर जोडायचा जादा भाग. नववीतल्या भाच्यानं वाढदिवसाचे पैसे साठवून बर्डीच्या बाजारातून साडेतीन हजारांचा व्हिडिओ गेम आणला. पंधरा दिवस खेळून शेवटच्या दाराशी पोचला, तर पडद्यावर पाटी: पुढची कथा १२०० रुपयांत. पोराचं तोंड एवढंसं झालं.

२००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेमनं डीएलसी म्हणून घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं तेव्हा लोक चिडले होते. पण त्याचा कथेशी संबंध नव्हता. न घेताही गेम पूर्ण व्हायचा. ‘विचर ३’नं तर १६ छोट्या डीएलसी फुकट दिल्या, पैसे घेतले ते दोन मोठ्या नव्या कथांचे. ते मला पटतं. मूळ कथेचा शेवटच कापून विकणं मात्र लूट वाटते.

१२०० भरू की सेलची वाट पाहू? आणि कथा अर्धवट आहे हे तुम्ही घेण्याआधी कसं ओळखता?