‘द स्नोमॅन’ तुम्ही कुणासोबत पाहिलात?

मागच्या डिसेंबरात आई सांगलीहून आमच्याकडे लेस्टरला आली होती. तिला इंग्रजी येत नाही आणि माझ्या सहा वर्षांच्या लेकीचं मराठी ‘पाणी दे’च्या पुढे सरकत नाही. दोघी सोफ्यावर एकमेकींना चिकटून बसायच्या, पण बोलणार काय? एका दुपारी मी ‘द स्नोमॅन’ लावला. २६ मिनिटांचा अ‍ॅनिमेशन सिनेमा. सुरुवातीला निवेदनाची दोन-चार वाक्यं, मध्ये एक गाणं, बाकी संवाद नाहीच. मुलाने बनवलेला स्नोमॅन, म्हणजे बर्फाचा माणूस, रात्री जिवंत होतो, मुलगा त्याला घरात घेतो, तो पाहुणा टोपलीतली फळं एकेक करून नाकाला लावून बघतो. आई हसून बेजार! मग उडत उत्तर ध्रुवाची सफर, परत आल्यावर मिठी, आणि सकाळी मुलगा धावत अंगणात येतो तर टोपी, मफलर आणि बर्फाचा ढिगारा.

लेक मुसमुसायला लागली. आई मात्र चिडलीच. “एवढा मोठा फ्रीझर आहे की घरात! मघाशी दाखवला होता. त्यात ठेवायचं ना त्याला!” मी काही भाषांतर केलं नाही. पण ‘फ्रीझर’ ऐकताच पोरगी डोळे पुसत म्हणाली, “यस आजी!”

तर, तुम्ही कुणासोबत पाहिलात आणि काय झालं? लिहा. रडलात तरी लिहा.

हॅरो, लंडन

माझा जन्म इथलाच. २६ डिसेंबर १९८२ ला चॅनल ४ वर हा पहिल्यांदा लागला, तेव्हा ते चॅनलच दोन महिन्यांचं नव्हतं. आमच्या बाबांनी पुढे कधीतरी व्हिडिओ कॅसेटवर घेऊन ठेवला. मी रडेन म्हणून मिठी मारायच्या प्रसंगानंतर ते कॅसेट थांबवायचे. “झोपला तो, संपलं.” शाळेत एकदा ख्रिसमसच्या सुट्टीआधी पूर्ण दाखवला, तेव्हा मला कळलं की पुढे सकाळ होते. घरी येऊन बाबांशी दोन दिवस अबोला. आता माझी मुलं आहेत, आणि रिमोट कुठे ठेवायचा हा प्रश्न दरवर्षी पडतो.

पुणे (अ‍ॅनिमेशन शिकवतो)

वर्गात पहिल्यांदा दाखवतो तेव्हा मुलं म्हणतात, “सर, रेषा हलतेय.” हलतेच! रेमंड ब्रिग्ज यांचं १९७८ चं मूळ पुस्तक रंगीत पेन्सिलींनी काढलेलं आणि त्यात शब्द एकही नाही. दिग्दर्शिका डायॅन जॅक्सन यांच्या टीमने ते खरखरीतपण टिकवण्यासाठी पारदर्शक सेलवरच (अ‍ॅनिमेशनसाठीच्या प्लास्टिकच्या पातळ पानांवर) खडू आणि पेन्सिलींनी रंग भरले. दोन चित्रांत खडूचा दाब तंतोतंत सारखा येत नाही, म्हणून स्थिर उभ्या भिंतीलासुद्धा बारीक थरथर येते. कॉम्प्युटरवर मुलं हा ‘दोष’ आता मुद्दाम आणायला बघतात. जमत नाही फारसं.

अजून एक. पुस्तकात ख्रिसमस नाही, सांताक्लॉज नाही. ते सिनेमावाल्यांनी घातलं. माझ्या मते पुस्तक जास्त निष्ठुर आहे आणि म्हणून जास्त चांगलं.

ब्रायटन

वरच्यांशी असहमत, पण ते जाऊ दे. उड्डाणात खाली दिसतो तो घुमटांचा राजवाडा म्हणजे आमचा रॉयल पॅव्हिलियन. बाहेरून मुघल थाट, त्यामुळे गावाकडून कुणी आलं की पहिल्यांदा ‘हे इथे कसं?’ आणि मग ‘अरे, स्नोमॅनमधलं!’

बर्मिंगहॅम

मुलगा चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, गायचा. सिनेमातलं ते एकमेव गाणं, ‘वॉकिंग इन दि एअर’, त्याच्या वाट्याला आलं होतं. निम्म्या इंग्लंडला वाटतं मूळ आवाज एलेड जोन्सचा. नाही. सिनेमात गायला पीटर ऑटी, सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या कॉयरमधला मुलगा, आणि घाईगडबडीत त्याचं नाव श्रेयनामावलीतून राहूनच गेलं. १९८५ मध्ये जाहिरातीसाठी गाणं पुन्हा हवं होतं तोवर त्याचा आवाज फुटला होता. म्हणून एलेड, आणि त्याची रेकॉर्ड पाचव्या क्रमांकापर्यंत चढली.

आमच्याकडेही तेच. नोव्हेंबरात तालमी छान चालल्या आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या सुरावर चर्रर्र. घरी येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, ऑटी पुढे ऑपेरात टेनर झाला हो. तर म्हणाला, “आई, प्लीज.” आता बटाट्यासारखा जाड आवाज आहे आणि फोनवर लोक त्याला त्याचे बाबा समजतात.

ठाणे

विरघळणं आपल्याला नवीन नाही. गणपती आणतो, लाड करतो, पाण्यात सोडतो. म्हणून मला तरी रडू आलं नाही.

हॅरो, लंडन (पुन्हा मीच)

ठाणेकर, पटलं नाही. गणपतीला आपण वाजतगाजत पोचवतो, ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो. इथे पोरगा झोपेत असतो. मिठी मारतो तेव्हा त्याला ठाऊकच नसतं की ही शेवटची. आणि खिशात सांताने दिलेला मफलर सापडतो, म्हणजे स्वप्न होतं अशी पळवाटसुद्धा नाही.

ठाणे

मफलर विसरलो होतो. मागे घेतो.

लेस्टर (धागा काढणारी)

सगळे वाचून आईला फोनवर वाचून दाखवते आहे. तिचं मत बदललेलं नाही.

जानेवारीत, ती परत जायच्या आठवड्यात, इथे खरोखर बर्फ पडला. दोघींनी मागच्या अंगणात गुडघ्याएवढा स्नोमॅन केला. नाकाला गाजर, कारण सिनेमातल्यासारख्या संत्र्याला आई ‘खायची वस्तू’ म्हणून तयार होईना (गाजर चालतं!). आई विमानात बसली त्या दिवशी ऊन आलं. लेकीने त्याचं डोकं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीमागे ठेवलं. आता जून संपत आलाय. मला ती जागा हवी आहे, पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई आधी विचारते, “आहे ना गं?” आणि लेक फ्रीझर उघडून डबा कॅमेऱ्यापुढे धरते. “आहे, आजी.”