मदत हवी आहे: मुलीने जोडलेला पीसी चालू होतो, पण स्क्रीन काळीच

रिकामी_बरणी
लेकीने सुटे भाग आणून अख्खा पीसी स्वतः जोडलाय. पंखे फिरतात, दिवे लागतात, मॉनिटरवर मात्र काहीच नाही. रात्रभर झगडून आत्ता झोपली. ती उठायच्या आत काही करता येईल का? मागचं झाकण काढून बघितलं तर वायरी वेणी घातल्यासारख्या, वीतवीतभर अंतरावर पट्टीने बांधलेल्या. उरलेले स्क्रू माझ्या गोळ्यांच्या डबीत वारानुसार लावलेत! जिचं कपाट उघडलं की कपडे अंगावर येतात, तीच ही. तेव्हा ओढाताण करायला सांगू नका. लवकर सांगा, समोरच बसलेय.

चिमटा
प्रोसेसर कोणता, बोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) कोणता, रॅमच्या (तात्पुरत्या मेमरीच्या) पट्ट्या किती, वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? यातलं एकही लिहिलेलं नाही. स्क्रीन काळी राहायची कारणं ढीगभर असतात.

जुना_माउस
काका, मॉनिटरची वायर कार्डाला लावलीय की बोर्डाला? कार्ड असेल तर कार्डालाच हवी. आडव्या भोकांच्या रांगेत, खाली.

रिकामी_बरणी
काका नाही, काकू. वायर कार्डालाच आहे. खोक्यावर रायझन ५ 7600 लिहिलंय, बोर्डाच्या खोक्यावर बी650. रॅमच्या दोन पट्ट्या, 16-16 जीबीच्या. आता सांगा.

खटपट्या
बोर्डावर नाण्याएवढी सीआर2032 बॅटरी असते. प्लग काढा, बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा, परत लावा. बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, मूळ सेटिंगवर येतं.

चिमटा
ते नका करू हो काकू, निदान आत्ता नको. डीडीआर5 रॅम पहिल्यांदा लागली की बोर्ड तिचं ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या सिग्नलची वेळ जुळवत बसतो. तेवढा वेळ पंखे फिरतात, स्क्रीन काळी. 32 जीबीला काही मिनिटं सहज लागतात. बॅटरी काढली की जुळवलेलं पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून.
बोर्डाच्या उजव्या कडेला, वीजेच्या 24 पिनांच्या जाड वायरीजवळ, बहुधा चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (सुरू होणं). कोणता जळतोय? आणि लेक चालू करून किती वेळ थांबत होती?

खटपट्या
बॅटरी काढल्याने काही बिघडत नाही, उगाच घाबरवू नका.

चिमटा
बिघडतं कोण म्हणालं? वेळ वाया जातो म्हणालो.

पाटी_पेन्सिल
प्रोसेसरवर कूलरखालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट किती लावली? वाटाण्याएवढा एकच थेंब पुरे. आणि कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढलं होतं का?

जुना_माउस
पेस्टमुळे स्क्रीन काळी राहत नाही. गरम होऊन बंद पडेल, ते नंतर. इथे प्रश्न काय, उत्तर काय.

पाटी_पेन्सिल
विचारलं तर बिघडलं कुठे? प्लास्टिक राहून जातं लोकांचं.

रिकामी_बरणी
डीरॅमवाला जळतोय, पिवळा. अर्ध्या-पाऊण मिनिटात बटण दाबून बंद करायची, पट्ट्या काढायची, परत घालायची. असं रात्रभर.

चिमटा
घ्या! दर वेळी ट्रेनिंग अर्धवट तोडलं. आता पट्ट्या कोणत्या खाचांत आहेत ते मोजा. प्रोसेसरकडून मोजायचं: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.

रिकामी_बरणी
पहिली आणि तिसरी.

जुना_माउस
तिथेच घोळ आहे. दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. बोर्डावर ए2, बी2 छापलेलं असतं. वायरिंग आधी पहिल्या खाचेला शिवून पुढे दुसरीपर्यंत जातं. दुसरी रिकामी राहिली की सिग्नल त्या मोकळ्या टोकावर आपटून परत येतो.
कसं हलवायचं: मागचा वीजेचा स्विच बंद, प्लग बाहेर. केसचं चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, उरलेली वीज निघून जाते. केसच्या उघड्या धातूला हात लावा. मग खाचेचं कुलूप उघडा. बऱ्याच बोर्डांना ते एकाच टोकाला असतं, वरच्या. कार्डाकडचं टोक नुसतं बसतं, हलत नाही. गंमत तिथेच होते. वरून ‘टक’ ऐकू येतं आणि खालचं टोक केसभर वर राहतं. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा, सोनेरी कडा दिसायला नको. पट्टीतली खाच मधोमध नसते, उलटी धरली तर बसणारच नाही. तिथे जोर लावू नका.

निवांत
एवढ्या खटाटोपापेक्षा लॅपटॉप घ्यायचा ना. कुठेही नेता येतो.

खटपट्या
कुणी विचारलं का तुम्हाला?

निवांत
मत दिलं. धागा सार्वजनिक आहे.

चिमटा
एक राहिलं. आधी एकच पट्टी दुसऱ्या खाचेत घालून बघा. चालू केल्यावर हात मागे बांधून निदान पंधरा मिनिटं थांबा. मधेच स्वतःहून बंद होऊन परत चालू झाला तरी शिवू नका. तरीही डीरॅमचाच दिवा राहिला तर दुसरी पट्टी त्याच खाचेत.

रिकामी_बरणी
केलं. एकीवर लागला, मग दुसरी चौथ्या खाचेत घातली. परत काळी, जीव नुसता टांगणीला. सव्वाचार मिनिटांनी बोर्डाचं चिन्ह आलं! ती उठलीय. म्हणे, ‘हात कुणी लावायला सांगितला?’ आणि खुर्ची ओढून घेतली. एक विचारतेय: रॅमच्या खोक्यावर 6000 आहे, बायोसमध्ये 4800 दिसतंय. फसवलं का?

जुना_माउस
खाच बदलली म्हणून लागला.

चिमटा
किंवा थांबलात म्हणून.
काकू, फसवणूक नाही. 4800 हा न मागता मिळणारा वेग. बायोसमध्ये एक्स्पो नावाचं प्रोफाइल, म्हणजे रॅमच्या खोक्यावरच्या वेगाची तयार सेटिंग, चालू केलं की 6000 होईल. मात्र ते जतन करून बाहेर पडलात की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे पुन्हा काळी स्क्रीन. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती परत पट्ट्या उपसायला घेईल.

रिकामी_बरणी
सांगितलं. म्हणते, माहीत आहे मला.