इथून काय काय दिसतं? ठाणे-नवी मुंबईच्या आकाशाचे अनुभव

"आपल्याकडे कुठले तारे दिसायला!" हे मी ठाण्यात इतक्या वेळा ऐकलंय की मागच्या थंडीत एक वहीच घातली. कासारवडवलीतल्या आमच्या गच्चीसमोर घोडबंदर रोडचे दिवे रात्रभर जळत असतात. तरी मृग नक्षत्र अख्खं दिसतं. त्याच्या पोटातला बाण, खाली व्याध, वर रोहिणी, कृत्तिकांचा पुंजका. आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही, उगाच कशाला सांगू. पण जे दिसतं तेही कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून हा धागा. काय पाहिलंत, कोणत्या महिन्यात, कुठून आणि कुठल्या दिशेला, एवढं जरूर लिहा. दुर्बीण नसली तरी चालेल. एकच विनंती, अंधार शोधत रात्री येऊरच्या जंगलात शिरू नका. तिथे बिबटे फिरतात.

कळव्याहून

भारनियमनाची वर्षं आठवतात का कुणाला? 2006-07 च्या उन्हाळ्यात संध्याकाळी दिवे गेले की आमची सगळी इमारत गच्चीवर. सतरंज्या, पाण्याचे तांबे, डासांच्या अगरबत्त्या. बाबा उत्तरेकडे बोट करून सप्तर्षी दाखवायचे. ते मूळचे जुन्नरकडचे. त्यांच्या आजीच्या लेखी ती म्हातारीची खाट होती, आणि मागचे तीन तारे म्हणजे खाट पळवणारे चोर. मधल्या चोराला, म्हणजे वसिष्ठाला, अगदी चिकटून एक बारीक तारा आहे, ती अरुंधती. मला दिसायची. बाबांना तेव्हाही नीट दिसत नसे. "आहे ती तिथेच," एवढंच म्हणायचे.

पुढे मोतीबिंदू वाढला. 2019 मध्ये दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. एप्रिलात मी त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं. आता भारनियमन नाही, समोर टॉवर, त्याच्या माथ्यावर दिव्यांची झगमग. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला अर्धा तास बसलो, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. मोबाईल खिशातून काढायचा नाही हे त्यांनीच बजावलं होतं. मग बराच वेळ वर बघून म्हणाले, "अगं, दोन आहेत." आणि थोड्या वेळाने, "लग्नात भटजींनी दाखवली तेव्हा मी नुसतंच हो म्हटलं होतं."

नौपाड्यातून

1997 च्या एप्रिलमध्ये चाळीच्या गॅलरीतून हेल-बॉप धूमकेतू दिसायचा. संध्याकाळी वायव्येला, नुसत्या डोळ्यांनी, शेपटीसकट. शेजारीपाजारी जेवणं लांबवून उभे राहायचे. त्यानंतर मी खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्रीच्या कार्यक्रमांना जायला लागलो. कर्जत लोकल पकडायची आणि पहाटेपर्यंत जागायचं. आकाशवेडी माणसं मला तिथे भेटली. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्का एकदा तरी तसल्या मोकळ्या जागी पडून बघा. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा.

सीवूड्सहून

माझा तारा अगस्ती. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, पण दक्षिणेला इतका खाली की इमारतींमुळे लोक त्याला मुकतात. खाडीच्या बाजूने दक्षिण मोकळी मिळते. ध्रुव तारा आपल्याकडे क्षितिजापासून साधारण 19 अंशांवर असतो, कारण आपला अक्षांशच तेवढा. आणि अगस्ती सगळ्यात वर येतो तेव्हा 18 अंशांवर! हात ताठ करून मूठ धरली की ती सुमारे 10 अंश झाकते. म्हणजे उत्तरेला जेमतेम दोन मुठींवर ध्रुव, दक्षिणेला जेमतेम दोन मुठींवर अगस्ती. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री सव्वानऊच्या सुमारास आधी इकडे आणि मग तिकडे मूठ धरून बघा. दिल्लीकरांना अगस्ती जेमतेम एका मुठीवर दिसतो. आपण थोडे दक्षिणेला आहोत याचा मला फार आनंद होतो.

घणसोलीतून

सोसायटीतल्या मुलांना मी माझ्या टेलिस्कोपमधून शनी दाखवतो. 2018 मध्ये कडं चांगलं उघडलेलं होतं, मुलं किंचाळायची. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच मुलांची धाकटी भावंडं रांगेत होती आणि कडं जवळजवळ दिसेनासं. सुमारे दर पंधरा वर्षांनी कड्याची कड आपल्याकडे होते, आणि कड्याची जाडी तर बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरच. मला वाटलं मुलं हिरमुसतील. सहा वर्षांची एक मुलगी डोळा लावून म्हणाली, "काका, ह्याला सुई टोचलीये." हुबेहूब तसंच दिसत होतं. कडं पुन्हा उघडताना दरवर्षी तिलाच पहिला नंबर देणार आहे.

नेरुळहून

ऑक्टोबर 2024, कोजागिरीनंतर तीन-चार दिवसांनी, चंद्र उगवायच्या आत. पश्चिमेला शुक्र ठळक होता. त्याच्या उजवीकडे, बराच वर, त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू शोधत होते. नुसत्या डोळ्यांना काही नाही. दहा बाय पन्नासच्या (दहा पट मोठं दाखवणाऱ्या, 50 मिमी भिंगाच्या) दुर्बिणीत पिंजलेल्या कापसासारखा फिका ठिपका. फोटोत येतो तसा अजिबात नव्हता, आणि मला तोच आवडला. नौपाड्याच्या काकांनी पाहिला तसा नुसत्या डोळ्यांचा धूमकेतू मला अजून मिळायचाय.

वाशीहून

मी नर्स आहे. तुमच्यासारखं ठरवून बघणं होत नाही. पावसाळ्यात चार महिने आकाश बंदच. सप्टेंबरच्या शेवटी रात्रपाळीत पहाटे पाच वाजता पाच मिनिटं मागच्या जिन्याच्या गच्चीवर गेले, चहाचा कप घेऊन. ढग फाटले होते. मृग, त्याच्याखाली व्याध, आणि अजून खाली, आग्नेयेच्याही दक्षिणेला, एक एकटाच तारा. कोण ते माहीत नव्हतं. सीवूड्सच्या ताईंचं वाचून आज कळलं. आईला फोन केला. ती म्हणाली, अगस्ती उगवला की नदीचं पाणी निवळतं असं तिचे वडील सांगायचे. ह्या महिन्यात अजून तीन रात्रपाळ्या आहेत.