बायोस अपडेट फसला म्हणजे मदरबोर्ड मेला का?

अवधूत_कऱ्हाड (धागाकर्ता)

बायोसचा, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या मदरबोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमचा, अपडेट अर्ध्यात अडकला. मशीन बंद करून चालू केलं तर पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही, बीपही नाही. दुकानात नेलं की ऐकायला मिळतं, "बोर्ड डेड आहे, नवीन टाका." माझं मत सरळ आहे: फसलेल्या अपडेटने बंद पडलेला बोर्ड बहुतेक वेळा मेलेला नसतो आणि त्याला उठवायचं काम घरी जमण्यासारखं आहे. चांगला बोर्ड भंगारात घालण्याआधी ते करून बघितलंच पाहिजे.

अशा वेळी बोर्डावरचं काहीच जळलेलं नसतं. बायोस ज्यात असतो ती आठ पायांची एक फ्लॅश चिप असते, बहुधा विनबाँड किंवा मॅक्रॉनिक्सची, १६ किंवा ३२ मेगाबाइटची. नवीन लिहिण्याआधी जुनं पुसावं लागतं. पुसून झालं आणि लिहिणं अपुरं राहिलं, की प्रोसेसर पहिली सूचना जिथून उचलतो तिथे काही नसतं. एएमडीच्या बोर्डांत तर आधी पीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर जागा होतो. त्याचं फर्मवेअरही (आतला कायमचा प्रोग्रॅम) याच चिपमध्ये. तोच अडकला की मुख्य प्रोसेसर उठतच नाही.

माझा क्रम असा. आधी खात्री करा की बोर्ड खरंच अडकलाय. डीडीआर५ रॅमच्या बोर्डावर अपडेटनंतर मेमरी ट्रेनिंगला (रॅमशी जुळवून घ्यायला) काही मिनिटं जातात, स्क्रीन काळीच राहते आणि लोक घाबरून वीज तोडतात. दुसरं म्हणजे अपडेटने सेटिंगं मूळपदावर येतात. सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद होतं आणि यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) न समजणारं जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर बोर्ड ठणठणीत असूनही चित्र येत नाही. दुसरं कार्ड किंवा ऑनबोर्ड डिस्प्ले लावून बघा.

तरीही काही नाही, तर मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट बायोस लिहिणारं, बटण आहे का पाहा. आसुस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणते, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस, एमएसआय फ्लॅश बायोस बटण. प्रोसेसर आणि रॅम नसली तरी चालतं, कारण हे काम बोर्डावरची वेगळी छोटी चिप करते. २४ पिनची आणि प्रोसेसरची अशा दोन्ही पॉवर केबल जोडायच्या, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह खूण असलेल्या पोर्टातच लावायचा, आणि फाइलला कंपनीने ठरवलेलंच नाव द्यायचं. एमएसआयला 'एमएसआय डॉट रॉम', गिगाबाइटला 'गिगाबाइट डॉट बिन', अॅसरॉकला 'क्रिएटिव्ह डॉट रॉम'. नाव चुकलं की दिवा थोडा लुकलुकून थांबतो आणि माणूस म्हणतो बोर्ड गेला.

बटण नसेल तर सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप वाचणारं-लिहिणारं यूएसबी उपकरण) आणि चिपला चावणारी आठ पायांची क्लिप. काहीशे रुपयांत मिळतात. दुसऱ्या संगणकावर फ्लॅशरॉम हा प्रोग्रॅम चालवायचा आणि चिप थेट लिहायची.

घाला वाद.

चिपलेव्हल_नागपूर

दुकान माझंच आहे, म्हणजे वरच्या शिव्या मलाच होत्या. फ्लॅशबॅकपर्यंत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. उलट लोकांनी ते घरीच करावं, माझ्याकडे घेऊन येऊ नये. पण शेवटच्या परिच्छेदाला कडाडून विरोध.

तो काळा सीएच३४१ए चिपला ३.३ व्होल्ट देतो हे खरं, पण त्याच्या डेटा लाइनवर ५ व्होल्ट येतात. हा दोष जगजाहीर आहे आणि तसाच विकला जातोय. आता एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या कितीतरी बोर्डांवर चिपच १.८ व्होल्टची असते. तिला मध्ये व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर न लावता क्लिप चावली, तर अपडेटने जे बिघडलं नव्हतं ते तुम्ही बिघडवलं. आणि ही झाली फक्त चिप.

क्लिपने दिलेली वीज एकट्या चिपला जात नाही. त्या रेषेवर बोर्डाचं आणखी बरंच काही असतं, ते सगळं ती ओढतं. व्होल्टेज खाली येतं, वाचन दर वेळी वेगळं येतं. माणूस कंटाळून म्हणतो, असू दे, लिहूनच टाकू. मूळ डंप, म्हणजे चिपमधल्या मजकुराची प्रत, जपलेला नसतो. मग बोर्ड माझ्याकडे येतो तेव्हा त्यातला मॅक पत्ता, सीरियल नंबर, यूयूआयडी अशी बोर्डाची सगळी ओळख पुसलेली. इंटेलच्या बोर्डात मॅनेजमेंट इंजिन या आतल्या छोट्या नियंत्रकाचा भागही त्याच चिपमध्ये असतो. तो बिघडला की मशीन चालू होतं आणि साधारण अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं. गिऱ्हाईक पॉवर सप्लाय बदलतं, रॅम बदलतं, आणि शेवटी माझ्यापर्यंत पोचतं.

नुसता फसलेला अपडेट मी चहा थंड व्हायच्या आत मारून देतो. घरी प्रयोग झालेल्या बोर्डाला दिवस जातो आणि पैसेही त्याच मानाने लागतात.

मंजिरी_डोंबिवली

मुळात चालत्या मशीनचा बायोस अपडेट करायचाच कशाला? मशीन सुरू होतंय, काम होतंय. नवीन आवृत्ती आली की लगेच टाकायची ही हौस. आणि अपडेट चालू असतानाच वीज जाणार, हे आपल्याकडे ठरलेलं.

फर्मवेअर_फकीर

+१ मंजिरीताई. "सिस्टीम स्थैर्य सुधारले" एवढं एका ओळीत लिहिणाऱ्या कंपन्यांसाठी मी माझा बोर्ड पणाला लावणार नाही.

रोहित_बाणेर

ताई, ५ वर्षांपूर्वी मीही मान डोलावली असती. आता नाही.

एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटात जळाल्याचे फोटो फिरले. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) जास्त जात होतं. एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली, ती बायोस अपडेटमधूनच आली. पुढच्या वर्षी इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचं उघड झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आला, मग आणखीही, तेही बायोसमधूनच. आणि इंटेलने स्वतःच सांगितलं की आधीच झालेलं नुकसान त्याने भरून निघत नाही. म्हणजे "चालतंय ना, मग राहू द्या" म्हणणारे याच काळात आपला प्रोसेसर हळूहळू खर्ची घालत होते.

ऑफिसात आम्ही अपडेट करतो, पण यूपीएसवर, ओव्हरक्लॉक आणि एक्सएमपी (प्रोसेसर आणि रॅमचा वाढवलेला वेग) आधी बंद करून, विंडोजमधून नाही तर बायोसच्या स्वतःच्या मेनूतून. वीज जाणं हे अपयशाचं एक कारण. डळमळीत रॅम हे दुसरं, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. फाइल आधी रॅममध्ये येते, तिथूनच चिपवर लिहिली जाते.

मंजिरी_डोंबिवली

रोहित, जळणाऱ्या प्रोसेसरचं पटलं. पण तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं नव्या, महागड्या मशीनची आहेत. माझ्या क्लासमध्ये जुने बी४५० बोर्ड आहेत, मुलं त्यावर टॅली शिकतात. त्यांना काय जळतंय?

रोहित_बाणेर

त्यांना हात लावू नका, मान्य. फक्त उद्या त्यात रायझन ५००० टाकायचा ठरवलात तर अपडेट करावाच लागेल. मे २०२० मध्ये एएमडी आधी म्हणाली होती की ४०० मालिकेच्या बोर्डांना (तुमचे बी४५० त्यातलेच) हे प्रोसेसर चालणारच नाहीत, कारण अनेकांची चिप १६ मेगाबाइटचीच. गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात माघार घेतली. मात्र जागा करायची तर काहीतरी काढावं लागतं, म्हणून काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून सगळ्यात जुन्या प्रोसेसरांचा पाठिंबाच गेला. अपडेट बिनचूक होतो, जुना प्रोसेसर तसाच बसलेला असतो, आणि डिस्प्ले येत नाही. त्यालाही लोक "बायोस उडाला" म्हणतात. टाकण्याआधी कंपनीच्या पानावर प्रोसेसरची यादी बघा.

फ्लॉपीवाले_काका

पोरांनो, आमच्या वेळी हे सगळं फ्लॉपीवर निभावायचं. चिपचा एक कोपरा, बूट ब्लॉक (सुरुवातीचा प्रोग्रॅम असलेला), अपडेटमध्ये सहसा पुसला जात नसे. एएमआय कंपनीचा बायोस असलेल्या बोर्डावर त्याची फाइल फ्लॉपीत टाकायची, कंट्रोल आणि होम दाबून धरायचं, ड्राइव्हचा दिवा लागला की देव पावला. अवॉर्ड या दुसऱ्या कंपनीचा बूट ब्लॉक इतका अडाणी की त्याला जुन्या आयएसए खाचेचं डिस्प्ले कार्ड सोडून काही दिसायचं नाही. म्हणून एक तसलं कार्ड प्रत्येक दुकानात खुंटीला टांगलेलं असे.

आणि फ्लॉपीनेही भागलं नाही तर चालत्या मशीनमधली चिप उपटायची. तसाच दुसरा बोर्ड सुरू करायचा, डॉसमध्ये जायचं, चालू वीजेवर त्याची चिप सॉकेटातून काढायची, मेलेली बसवायची आणि तिच्यावर लिहायचं. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरस फुटला, त्याने हार्ड डिस्कबरोबर बायोसही खाल्ला, तेव्हा हाच धंदा जोरात चालला.

माझं मत कोणाच्याच बाजूचं नाही. चिप सॉकेटात असती तर हा धागाच निघाला नसता. काढली, लिहिली, बसवली. कंपन्यांनी ती बोर्डाला चिकटवली आणि आता आपण क्लिपवरून भांडतोय.

अवधूत_कऱ्हाड (धागाकर्ता)

काकांना दंडवत. चालत्या मशीनमधून चिप उपटणाऱ्या पिढीच्या शेजारी माझी क्लिप फारच सभ्य वाटते.

नागपूरकर, तुमचे मुद्दे खरे आहेत, पण ते "घरी करू नका" याचे नाहीत, "वाचून करा" याचे आहेत. चिपवरचा नंबर भिंगातून वाचता येतो. विनबाँडच्या २५क्यू१२८ मागे एफव्ही किंवा जेव्ही असेल तर ३ व्होल्टच्या घरातली, एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू असेल तर १.८ ची. मॅक्रॉनिक्समध्ये २५एल आणि २५यू असा फरक. दोनदा वाचायचं, दोन्ही डंप ताडून बघायचे, जुळले तरच पुढे. मूळ डंप जपायचा, अर्धवट लिहिलेला असला तरी, कारण मॅक पत्ता आणि सीरियल बहुधा त्यातूनच परत मिळतो. आणि आसुसची बायोसची 'कॅप' फाइल जशीच्या तशी चिपवर मारायची नाही, तिच्या पुढे जोडलेलं डोकं (हेडर) आधी काढायचं. एवढं ज्याला समजतं त्याने दुकानाची पायरी का चढावी?

माझा खरा राग वेगळाच आहे. तालुक्याच्या गावात चिप लेव्हलवाला, म्हणजे बोर्डावरची चिप दुरुस्त करणारा, नसतोच. तिथे "बोर्ड डेड" हे निदान नसून विक्री असते.

चिपलेव्हल_नागपूर

शेवटच्या वाक्यावर सही करतो. पण ज्याला एवढं समजतं तो हा धागा वाचायला आलेला नसतो, अवधूतराव. जो आलाय त्याच्यासमोर बंद मशीन आहे, उद्या सबमिशन आहे, आणि त्याने क्लिप आधीच मागवली आहे.

स्नेहल_वाई

लॅपटॉपचं पण हेच का? फ्लॅशबॅकचं बटण तर नसतं.

चिपलेव्हल_नागपूर

बटण नसतं, पण कळांची जोडी असते. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपांत बंद अवस्थेत विंडोज आणि बी धरून पॉवर दाबायचं, डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर जोडायचा. लॅपटॉपला क्लिप लावण्याच्या मी आणखीच विरोधात आहे. बॅटरी आतून काढल्याशिवाय हात लावायचा नसतो, कीबोर्ड आणि चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं फर्मवेअर कधी त्याच चिपमध्ये, कधी वेगळीकडे. कंपनीने टाकलेल्या विंडोजची चावीही तिथेच. नेटवरून कुणाचा तरी डंप उतरवून मारलात तर मशीन उठेल, पण चावी आणि सीरियल त्या कुणाचंतरी.

आणि अपडेट यशस्वी झाला तरी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की मागू शकतो. ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का बघून ठेवा. डिस्कवरचा डेटा शाबूत असतो, पण की नसेल तर शाबूत असून उपयोग नाही.

फर्मवेअर_फकीर

म्हणजे अपडेट फसला तरी पंचाईत, नाही फसला तरी पंचाईत. मी माझ्या जुन्या मताला धरून आहे.

रोहित_बाणेर

भांडण तुमचं एकमेकांशी नको. फ्लॅशबॅकच्या सोयीचा खर्च किती, तर एक छोटी चिप आणि एक बटण. तरी स्वस्त बोर्डांवर ती देत नाहीत. गिगाबाइटकडे पूर्वी ड्युअल बायोस असायचा, मुख्य चिप बिघडली की राखीव चिपवरून बोर्ड उठायचा. आता तोही बऱ्याच मॉडेलांवर दिसत नाही. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल काढलं, पण बोर्ड विकत घेताना आपल्यातले किती जण मागच्या बाजूचं ते बटण बघतात? रंगीत दिवे मात्र सगळे बघतात.

तन्मय_इस्लामपूर

मीच तो, क्लिप आधीच मागवलेला. 😅 बोर्ड एएम४, फ्लॅशबॅक नाही, वॉरंटी संपलेली. दोन वेळा वाचलं, दोन्ही डंप वेगळे आले. अजून लिहिलेलं काही नाही.

अवधूत_कऱ्हाड (धागाकर्ता)

लिहू नकोस. २४ पिनची केबल आणि सीमॉसची (बोर्डावरची नाण्यासारखी) बॅटरी काढली आहेस का? क्लिपची पट्टी जितकी आखूड तितकी बरी. प्रोसेसर आणि रॅमही काढून ठेव.

चिपलेव्हल_नागपूर

ते सगळं नंतर. आधी चिपवरचा नंबर वाचून सांग. शेवटी व्ही आहे की डब्ल्यू?

तन्मय_इस्लामपूर

एफडब्ल्यू.

चिपलेव्हल_नागपूर

मग क्लिप काढ आणि बाजूला ठेव. आधी १.८ चा अडॅप्टर मागव, आला की पुन्हा वाच. तेव्हाही दोन्ही डंप जुळले नाहीत तर चिप बोर्डावरून उतरवूनच लिहावी लागेल, आणि त्यासाठी हॉट एअर (सोल्डर वितळवणारं गरम हवेचं यंत्र) हातात घेऊ नकोस. सांगलीत किंवा कोल्हापुरात चिप लेव्हलवाला शोध. त्याला आधीच सांग की डंप नीट वाचता आलेला नाही, नाहीतर तोही तेच करत बसेल.

अवधूत_कऱ्हाड (धागाकर्ता)

यावर मात्र माझं काही वेगळं म्हणणं नाही. तन्मय, अडॅप्टर आला की इथेच लिही.